बीज, क्षेत्र आणि मोतेवाडीची वेल

माझं पोट मूळ लिहिण्यावर चालतं. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या एका कारखान्यात मी एक्स्पोर्टचे कागद बघतो. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग, आणि त्यांच्यासोबत सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजे हा माल मूळचा कुठला याचा दाखला. सूत कधी कोइमतूरचं, कधी इचलकरंजीकडचं. रंग गुजरातचा. माग परदेशी बनावटीचा आणि मागावरचा माणूस तेलंगणातून आलेल्या घरातला. चौकटीत मी लिहितो ‘भारत’, शिक्का बसतो, कंटेनर न्हावा-शेव्याच्या वाटेला लागतो. या चौकटीनं मला कधी अडवलं नव्हतं. अडवलं ते द्राक्षाच्या एका वेलीनं, आणि तेही जिच्या रसाचा थेंब मी जिभेवर ठेवलेला नाही अशा वेलीनं.

मी माळकरी. आजोबांपासून घरात वारी आहे, गळ्यात तुळशीची माळ आहे, त्यामुळे मद्य-मांस वर्ज्य. म्हणून वाईनच्या चवीबद्दल मी अवाक्षर काढणार नाही. पण बाटलीवरची चिठ्ठी वाचायला माळ आड येत नाही. इटलीच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचायला लागलो तेव्हा ध्यानात आलं, की हे तर आपल्याच टेबलावरचं काम. तिथेही सगळा खटाटोप मूळ सिद्ध करण्याचा आहे.

निमित्त झालं एका गिऱ्हाईकाचं. माणूस इटलीतल्या तोस्कानाचा, प्रातोकडचा. प्रातो हे कापडाचं गाव, म्हणजे त्यांचं सोलापूरच म्हणा. दिवसभर त्यानं टॉवेलचं वजन, फासा, काठाची शिलाई तपासली. रात्री हॉटेलात जेवताना मेन्यूत त्याला सोलापूर जिल्ह्यातल्या वाईनचं नाव दिसलं आणि पुढे द्राक्षाची जात छापलेली: सांजोवेझे. त्यानं चष्मा कपाळावर चढवला. “ही आमची. इथे कशी?” बाटली मागवली. माझ्यासमोर लिंबू सरबत. पहिल्या घोटाला तो म्हणाला, “छे, ही आमची नव्हे.” जेवण संपता संपता म्हणाला, “आहे आमचीच. ऊन जास्त लागलंय तिला.” मी मान डोलावली. पण घरी जाताना डोक्यात तेच घोळत होतं. एकाच पेल्यातली एकच वस्तू तासाभरात परकी आणि घरची, दोन्ही कशी झाली?

वेल इथे कशी आली, त्याचं उत्तर सरळ आहे. माळशिरस तालुक्यात अकलूजजवळ मोतेवाडी, गारवाड, निमगाव या शिवारांत २००७च्या सुमारास वाईनच्या द्राक्षांची लागवड सुरू झाली. अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की अशा तीन घरांतले भाऊ-भाऊ एकत्र आले, म्हणून कंपनीचं नावही ‘फ्रातेल्ली’, म्हणजे भावंडं. वाईन करायला तोस्कानाचे जाणकार पिएरो मासी आले. रोपं लाखांच्या संख्येनं फ्रान्सच्या रोपवाटिकांतून आली. कॅबर्ने सोव्हिन्यॉन, मर्लो, शार्दोने या फ्रेंच मंडळींच्या पंगतीत तोस्कानाची सांजोवेझे बसली. तालुका उसाचा. आषाढात माउलींची आणि तुकोबांची अशा दोन्ही पालख्या याच तालुक्यातून पंढरीला जातात.

आता ही वेल इटालियन म्हणायची की सोलापुरी? प्रश्न गंमतीचा वाटतो, पण आपल्याकडे तो जुना आहे. शास्त्रांत त्याला नाव आहे: बीज मोठं की क्षेत्र मोठं? पेरलेलं ठरवतं की जमीन ठरवते?

इटलीनं क्षेत्राच्या बाजूनं कौल दिला आहे, तोही कायद्यानं. त्या देशात २० प्रांत आहेत आणि विसांतही वाईन होते. द्राक्षाच्या नोंदलेल्या जाती पाचशेच्या वर. पण बाटलीवर मोठ्या अक्षरात बहुतेक वेळा जात नसते, गाव किंवा टापू असतो. वायव्येला आल्प्सच्या पायथ्याशी पिएमोन्ते. तिथली मानाची जात नेब्बिओलो, पण बाटलीवर नाव बारोलो किंवा बार्बारेस्को. बारोलो म्हणायचं तर द्राक्ष लांगे टेकड्यांतल्या ठरलेल्या ११ गावांतलंच हवं आणि वाईन किमान ३८ महिने मुरलेली हवी, त्यातले १८ लाकडी पिंपात. शेजारच्या टेकडीवरची तीच नेब्बिओलो बार्बारेस्को होते. त्याच टापूत बार्बेरा आणि दोल्चेत्तो या रोजच्या जेवणातल्या जाती आहेत आणि आस्तीच्या गोड, फेसाळ वाईनसाठी मोस्कातो.

पूर्वेला वेनेतो. तिथल्या अमारोनेबद्दल वाचताना मला आपली बेदाण्याची शेड आठवली. वाल्पोलिचेल्लाच्या टेकड्यांत कोर्विना आणि तिच्या सोबतिणी तोडतात आणि घड हवेशीर माळ्यावर तीन-चार महिने सुकत ठेवतात. वजन तिसऱ्या हिश्श्यानं किंवा त्याहूनही घटतं, साखर दाटते, आणि मग त्या सुरकुतल्या मण्यांची वाईन करतात. आपल्याकडे तासगाव, पंढरपूर भागात घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यातून काढून जाळीच्या रॅकवर पसरले, की पंधरवड्यात बेदाणा तयार. आमचा वाटेवर थांबला आणि प्रसादात गेला, त्यांचा पुढे गेला आणि पिंपात उतरला.

मधोमध तोस्काना, सांजोवेझेचं माहेर. इथे तर एकाच जातीला गावोगाव वेगळं नाव. कियान्तीत सांजोवेझे, मोंताल्चिनोला ब्रुनेल्लो, मोंतेपुल्चानोला प्रून्योलो जेन्तीले, स्कान्सानोला मोरेल्लिनो. उलट मोंतेपुल्चानो नावाची एक वेगळीच जात आहे, ती पिकते पूर्व किनाऱ्याकडे आब्रुत्सोत, आणि मोंतेपुल्चानो गावच्या वाईनशी तिचा काही संबंध नाही. नवख्याची भंबेरी उडते. पण ज्याला ‘पाटील’ हे आडनावही असतं आणि वतनही होतं हे ठाऊक आहे, त्याला फार जड जाऊ नये. खाली उतरलं की काम्पानियात आल्यानिको, तिच्यापासून ताउराझी, पुल्यात प्रिमितिवो, सिसिलीत नेरो दाव्होला, आणि एटना ज्वालामुखीच्या काळ्या उतारांवर नेरेल्लो मास्कालेझे. सार्दिन्याची कान्नोनाउ म्हणजे स्पेनची गार्नाचाच, आणि प्रिमितिवो म्हणजेच कॅलिफोर्नियाची झिन्फंडेल, हे जनुकं तपासून पक्कं झालं आहे.

या टापूंना कुंपण घालण्याची रीत जुनी. १७१६ साली तोस्कानाचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो मेदिची यानं फर्मान काढून कियान्ती, पोमिनो, कार्मिन्यानो आणि वरचं वाल्दार्नो या चार टापूंच्या सीमा आखल्या. या हद्दीबाहेरच्या वाईनला ही नावं लावायची नाहीत. आमच्या गिऱ्हाइकाचं प्रातो त्यातल्या कार्मिन्यानोला खेटून आहे. आधुनिक इटलीनं १९६३मध्ये ‘डीओसी’चा कायदा केला आणि १९८०मध्ये बारोलो, ब्रुनेल्लो अशा मोजक्या नावांना त्यावरचा ‘डीओसीजी’ दर्जा दिला. कोणतं शिवार, कोणती जात, एकरी किती उत्पन्न, किती महिने मुरवण, सगळं लिहून ठेवलेलं. बाटलीच्या मानेवर सरकारी पट्टी. हा माझ्या सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनचा थोरला भाऊच.

उलट अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि आपण बीजाच्या पक्षाचे. आपल्या बाटलीवर मोठ्या अक्षरात जात असते. अकलूजची बाटली ‘कियान्ती’ म्हणू शकत नाही, ‘सांजोवेझे’ म्हणू शकते. म्हणजे मोतेवाडीनं बीजाचं नाव घेतलं, कारण क्षेत्राचं नाव आधीच दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर चढलेलं होतं.

इथवर दोन पक्ष समोरासमोर उभे राहिले. पण एक बारीक गोष्ट मला खुपू लागली. बीज-क्षेत्राचा वाद मनुस्मृतीत नवव्या अध्यायात आहे. तिथे पुरुष बीज आणि स्त्री क्षेत्र. दुसऱ्याच्या शेतात पेरलं तर पीक कुणाचं? दुसऱ्याच्या गायीला आपल्या वळूपासून झालेलं वासरू कुणाचं? निकाल शेताच्या मालकाच्या बाजूनं लागतो. पुढे दहाव्या अध्यायात वर्णाची गोष्ट निघते तेव्हा मात्र बीजाचं पारडं जड होतं. हे विसंगत वाटतं खरं, पण त्यामागचा हेतू बघितला की सुसंगत दिसतं. नवव्यात मुलावर हक्क कुणाचा हे ठरवायचं आहे, दहाव्यात मान कुणाला द्यायचा हे. म्हणजे शास्त्रकार वरकरणी विचारतो ‘हे काय आहे?’, आणि त्याला ठरवायचं असतं ‘हे कुणाचं आहे?’ ज्या वेळी जे सोयीचं, ते मोठं. आणि या सगळ्यात क्षेत्र म्हटल्या गेलेल्या बाईला कुणी काही विचारलेलं नाही.

ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय मी लहानपणापासून ऐकत आलो. तो क्षेत्र-क्षेत्रज्ञाचा. तिथे माउली एक मोठा वादच मांडतात: देहाचं हे शेत नेमकं कुणाचं? एक म्हणतो, हे जिवाचं वतन, प्राण हा त्याचं कूळ, आणि इंद्रियांचे बैल दिवसरात्र राबतात. दुसरा म्हणतो, प्रकृतीचं. कुणी संकल्पाचं म्हणतं, कुणी स्वभावाचं, कुणी काळाचं. मुळशीपासून माढ्यापर्यंतचा कुठलाही बांधावरचा तंटा वाटावा, अशा भाषेत हे दावे येतात, आणि एवढं बोलून तंटा सुटत नाही. गीता त्या तंट्यात पडतच नाही. ती मालक शोधायचं सोडून जाणता शोधते. क्षेत्राला जाणतो तो क्षेत्रज्ञ. पारायणात मी हे ऐकलं होतं. पण कळलं ते मेहुण्याच्या द्राक्षबागेत, नान्नजच्या बाजूला.

ऑक्टोबरची फळछाटणी चालली होती. छाटणारा एका वेलीपाशी उकिडवा बसला होता. मी विचारलं, “ही कुठली जात?” तो हसला आणि खोडावर कात्रीची मूठ आपटली. “खालची विचारताय का वरची?” गुडघ्याच्या खाली खोडावर एक गाठ होती, जुन्या हाडाच्या जोडासारखी फुगलेली. गाठीखालचं खोड जाड, साल खरबरीत. गाठीवर साल वेगळी, जरा बारीक, पट्ट्यापट्ट्यांनी सुटणारी. खाली डॉगरीज, हा अमेरिकी वंशाचा खुंट, खारट पाणी आणि दुष्काळ सोसणारा. वर कलम केलेली खायच्या द्राक्षाची जात. मग त्यानं एक काडी दोन बोटांत धरली, डोळे मोजले, कापली, आणि राहिलेल्या डोळ्यांवर पेस्ट लावली. ही पेस्ट हायड्रोजन सायनामाइडची. थंड देशात वेल हिवाळाभर झोपते आणि वसंतात आपण होऊन उठते. आपल्याकडे तिला नीट झोपच लागत नाही. म्हणून वर्षातून दोनदा छाटायची, एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी, आणि डोळे सारखे फुटावेत म्हणून पेस्ट लावून जागं करायचं. तोस्कानात सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी, आपल्याकडे जानेवारी ते मार्च. मोतेवाडीच्या सांजोवेझेलाही हेच वेळापत्रक. वर्षानुवर्षं ती इथल्या पंचांगानं जगते आहे.

त्या गाठीनं बीजाचा पक्ष माझ्यापुरता मोडला. एक तर द्राक्ष बी लावून वाढवतच नाहीत. बी लावली तर भलतंच काही उगवतं. काडी लावतात किंवा डोळा बांधतात, म्हणजे जगातली प्रत्येक सांजोवेझे ही आधीच्या कुठल्या तरी सांजोवेझेचा तुकडा आहे. त्यात एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाची मुळं खाणारी कीड अमेरिकेतून युरोपात शिरली. इटलीत ती १८७९मध्ये सापडली. बागांमागून बागा गेल्या. इलाज निघाला तो असा, की जिथून कीड आली तिथलाच सोसणारा खुंट घ्यायचा आणि त्यावर आपली काडी बांधायची. तेव्हा कियान्तीच्या अस्सल टेकडीवरची अस्सल वेलही जमिनीखाली बहुधा अमेरिकीच असते. शिवाय जनुकं तपासणाऱ्यांना सांजोवेझेचं नातं इटलीच्या दक्षिण टोकाच्या कॅलाब्रियाशी लागलेलं सापडलं आहे. तोस्कानाच्या अभिमानात दक्षिणेची माय निघाली.

आणि बीज स्थिर तरी कुठे असतं? याच नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी थॉमसन सीडलेसच्या बागेत एका फांदीवर वेगळे, लांबट मणी हेरले. ती फांदी वाढवली, आणि ‘सोनाका’ ही जात महाराष्ट्राला मिळाली. वेल तीच, क्षेत्र तेच, एक फांदी बदलली. हजारो फांद्यांतून ती दिसली कारण बघणारा जाणता होता. मला इथे क्षेत्रज्ञ भेटला.

मग क्षेत्राचा पक्ष जिंकला का? तोही नाही. २००९ सालापर्यंत प्रोसेक्को हे द्राक्षाच्या जातीचं नाव होतं. जग त्या फेसाळ वाईनसाठी वेडं झालं, बाहेरचे लोक प्रोसेक्को लावून प्रोसेक्को विकू लागले. तेव्हा इटलीनं एक युक्ती केली. त्रिएस्तेजवळ प्रोसेक्को नावाचं एक गाव आहे, ते धरून वेनेतो आणि फ्रिउलीचा मोठा टापू आखला, प्रोसेक्को हे त्या टापूचं नाव ठरवलं, आणि द्राक्षाचं नाव बदलून ग्लेरा केलं. कायद्याच्या एका कागदानं बीज क्षेत्र झालं. ऑस्ट्रेलियात इटलीहून गेलेल्या कुटुंबांनी तीच वेल लावलेली आहे आणि ते म्हणतात, आमच्यासाठी हे जातीचं नाव आहे. यावरून वाद बरीच वर्षं चालला. वेलीला यातलं काही कळलं नाही, मण्याची चव कागदानं बदलली नाही. बदललं ते एवढंच, की नावाचे पैसे कुणाच्या गल्ल्यात जायचे.

आम्ही सोलापूरकरांनी फार नाक मुरडू नये. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्राला मिळालेल्या अगदी सुरुवातीच्या मानांकनांतलं. १९९९चा कायदा, २००३पासून अंमलात. क्षेत्र सोलापूर. पण जॅकार्डच्या मागावर ती चादर घडवली कुणी? बहुतांशी तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी. घरात तेलुगू, मागावर तेलुगू, आणि मालावर सोलापूर. आमच्या खात्यातल्या जुन्या अण्णांना मी हा सगळा घोळ सांगितला, मनू, माउली आणि प्रोसेक्कोसकट. ते बीमवरचं सूत बोटानं तपासत ऐकत होते. म्हणाले, “मालाला गाव नसतंय साहेब. बिलाला असतंय.”

त्या वाक्याच्या पुढे जाणारं तत्त्वज्ञान मला अजून सापडलेलं नाही. पण त्याची परीक्षा घ्यायला हवी होती. नाव हे जर मालकीचं प्रकरण असेल, तर जिथे मालकी नाही तिथे मुळाचा प्रश्न उठताच कामा नये. अशी जागा आहे का?

आहे, आणि ती इटलीतच आहे. कॅथलिक चर्चच्या मिसा-विधीत वाईन लागते. त्यांच्या १९८३च्या धर्मसंहितेतला नियम म्हणतो, वाईन वेलीच्या फळाची, नैसर्गिक आणि न बिघडलेली हवी. बस. कुठला टापू, कुठली जात, किती महिने, काही नाही. ज्या देशात दोन टेकड्यांमधल्या बांधावरून वकील उभे राहतात, त्याच देशात वेदीवर कुठल्याही गावची वाईन चालते. पुढचा सिद्धान्त तर आणखी खोल. ट्रेंटच्या धर्मसभेनं १५५१मध्ये ठामपणे मांडलं, की विधीत वाईनचं द्रव्य बदलून ख्रिस्ताचं रक्त होतं. रंग, वास, चव तेवढी राहते. हा सिद्धान्त मानायचा की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग, मी तर परक्या धर्माचा. पण द्रव्य एक आणि गुण वेगळे, हा विचार वैशेषिकांच्या देशात वाढलेल्याला अनोळखी नाही. मला त्यात दिसतं ते असं: बाजारात रंग-वास-चव जपायला मूळ लागतं, आणि देवापुढे ती तिन्ही तशीच असताना मूळ गळून पडतं.

आपला विठोबाही तुळस कुठल्या गावची हे विचारत नाही. या जिल्ह्याच्या मातीत ही समज जुनी आहे. माढा तालुक्यातल्या अरणच्या सावता महाराजांना मळ्यातल्या भाजीतच देव दिसला. मंगळवेढ्याच्या चोखोबांनी उसाचा दाखला देऊन विचारलं, की वरच्या वाकडेपणावर काय भुलता, रस बघा. त्यांच्या तोंडी हा दाखला नुसता सुंदर नाही. बीजाच्या सिद्धान्तानं ज्याला देवळाबाहेर उभं केलं, त्या माणसाचं ते उत्तर आहे. आणि ज्या रस्त्यावर आमची एमआयडीसी आहे, तो रस्ता जातो अक्कलकोटला. गुरुवारी पहाटे पायी चाललेले भक्त आमच्या गेटवरून दिसतात. स्वामी समर्थ कुठून आले, कुठल्या घरचे, हे त्यांच्या हयातीत लोकांनी पुष्कळ विचारलं. चरित्रांत येतं, की मूळ विचारणाऱ्याला त्यांनी वडाच्या झाडाचं नाव सांगितलं. वडाचं मूळ दाखवा म्हटलं तर कुठलं दाखवायचं? वरून सुटलेली पारंबी जमिनीत शिरते आणि तीच खोड होते.

आता एक आक्षेप, तो मीच घेतो. मूळ म्हणजे निव्वळ मालकीचा बनाव असेल, तर मी रोज शिक्के मारतो ते खोटं का? उद्या कुणी पानिपतच्या टॉवेलवर ‘सोलापूर’ छापलं, तर मी गप्प बसावं का? नाही बसणार. आणि इटलीतली एक हकिगत मला इथे वाट दाखवते. कियान्तीच्या नियमात एकेकाळी लाल वाईनमध्ये पांढरी द्राक्षं मिसळणं बंधनकारक होतं. बारॉन बेत्तिनो रिकासोली यांनी १८७२च्या सुमारास सांजोवेझे, कानायोलो आणि मालवाझिया यांचं जे मिश्रण सुचवलं, त्याचा तो हट्टी झालेला वारसा. नियम गुणासाठी आला आणि पुढे उत्पन्न वाढवायची सोय झाला. तेव्हा काही उत्पादकांनी नाव सोडलं. १९७१च्या हंगामाची तिन्यानेल्लो, त्याआधी १९६८च्या हंगामाची बोल्गेरीची सास्सिकाया: दोन्ही नियमाबाहेरच्या, म्हणून दोघींच्या चिठ्ठीवर सगळ्यात खालचा दर्जा, ‘जेवणाची वाईन’. पुढे त्याच जगात नावाजल्या आणि कायद्याला त्यांच्या मागे जावं लागलं. आज बोल्गेरी सास्सिकायाला स्वतःची डीओसी आहे, आणि कियान्ती क्लासिकोत पांढऱ्या द्राक्षांना २००६पासून बंदी.

त्यांनी नाव टाकलं आणि नेम धरला. तिथे माझी माळ मला समजली. वारकरी जन्मानं होता येत नाही. माझ्या आजोबांनी घातली म्हणून माझ्या गळ्यात ती आपोआप आली नाही. मला वेगळी घालून घ्यावी लागली, आणि एकादशी, वारी, वर्ज्य-अवर्ज्य पाळलं तरच ती माळ, नाहीतर नुसते लाकडाचे मणी. पंढरपुरात जन्मलेला माणूस जन्मामुळे वारकरी नसतो आणि लातूर-नांदेडहून आलेला कमी वारकरी नसतो. माळ ना बीजानं येते ना क्षेत्रानं.

यावरून मी एक कसोटी लावायला शिकलो. कुठलंही नाव घ्या: कियान्ती, सोलापुरी, वारकरी, एखादं कुळ, एखादी जात. ते नाव धारण करणाऱ्याला बांधतं का, हे बघायचं. बारोलोवाला ३८ महिने पैसे अडकवून थांबतो, तेव्हा नाव त्याला बांधतं. आमचा टॉवेल पहिल्या धुण्यात रंग सोडणार नाही याची हमी आम्ही घेतो, तेव्हा ‘सोलापूर’ आम्हाला बांधतं. असं नाव म्हणजे नेम, आणि ते चोरणाऱ्याला अडवणं रास्त आहे. पण नाव धारण करणाऱ्याकडून काहीच मागत नसेल, फक्त दुसऱ्याला आत येऊ देत नसेल, तर ते कुंपण. जन्माच्या उच्चनीचतेची सगळी नावं या दुसऱ्या पेटीत पडतात. प्रोसेक्कोची २००९ची युक्ती मला अर्धी या पेटीत, अर्धी त्या पेटीत दिसते.

हीच कसोटी मी स्वतःच्या सोवळ्यावरही लावतो. आई थकलेली असताना घरात द्राक्षारिष्ट असायचं. ते आंबवूनच करतात, आणि त्यात आपोआप तयार झालेला मद्यार्क असतो हे बाटलीवर छापलेलं असतं. माळकरी घरात कुणी त्याला दारू म्हटलं नाही. २०२२च्या जानेवारीत राज्य सरकारनं मोठ्या किराणा दुकानांतून वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, आणि वाईन दारू आहे की नाही यावर महाराष्ट्र महिनाभर भांडला. दोन्ही बाजू वस्तूचं स्वरूप सांगत होत्या, कुणी द्राक्षवाल्याचं हित पुढे करत होतं, कुणी घरातल्या बाईचं. वस्तू काय आहे ते तिच्या जागी. मी ती घेत नाही, कारण मी शब्द दिला आहे. माझा नेम मला बांधतो. टेबलापलीकडच्या इटालियन माणसाला तो बांधत नाही. हे मान्य केल्यावर मला त्याच्यासमोर सरबत प्यायला संकोच वाटला नाही आणि त्याच्या पेल्याचा राग आला नाही.

राहता राहिली मोतेवाडीची वेल. अकलूजच्या ‘सेत्ते’ या वाईनमध्ये सांजोवेझे आणि कॅबर्ने सोव्हिन्यॉन एकत्र असतात. आमच्या गिऱ्हाइकाच्या शेजारच्या कार्मिन्यानोतही हीच दोन द्राक्षं एकत्र नांदतात, आणि तिथे कॅबर्ने मेदिचींच्या काळात फ्रान्सहून आलं असं मानतात. म्हणजे १७१६चं कुंपण पडलं त्या टापूतही एक पाहुणी घरची होऊन बसली आहे. तिला तिथली म्हणायला आता कुणी बिचकत नाही, कारण पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या माणसांनी तिला जाणलं, छाटलं, सांभाळलं आणि तिच्यासाठी नियम पाळले. मोतेवाडीच्या वेलीला आपली म्हणायचं तर आपल्यालाही तेवढंच करावं लागेल. इथलं ऊन, इथली दोनदा छाटणी, इथलं पाणी यांतून तिचा जो स्वभाव घडेल तो ओळखायचा, आणि त्या स्वभावाला जे नाव मिळेल त्याच्या मागे शब्दाला जागून उभं राहायचं. तोपर्यंत ‘ती इटालियन की सोलापुरी’ हा वाद बिलापुरता ठीक आहे. बिलं लिहिणारा म्हणून मी तो रोज निकाली काढतो, आणि त्यानं वेलीबद्दल काही सिद्ध होतं असं समजत नाही.